जावयाचा दगड

अकोला
१४ नोव्हेंबर २०२५

चि. रश्मीस,
सप्रेम जयभीम.

साहेबांच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या स्मरणिकेचा तू पाठवलेला कच्चा मजकूर मिळाला. मोबाईलवर 'वाचला, छान आहे' असं टाकून मोकळं होता आलं असतं. पण तुझे बाबा फोनवर सांगितलेला आकडा धरत नसत, 'कागदावर आण' म्हणायचे. म्हणून कागदावर लिहितो आहे, तूही कागदावरच उत्तर दे.

आता चुका. राग मानू नकोस, छापल्यावर लोक दाखवतात त्यापेक्षा आधी मी दाखवलेल्या बऱ्या.

जन्मसाल १९५४ हे शाळेच्या दाखल्यावरचं. खरं १९५३. चांदूर रेल्वेच्या फलाटावर आमची पॅसेंजर चुकली होती, तेव्हा साहेबांनी स्वतः सांगितलं. तू त्यांना बी.ई. लिहिलं आहेस. ते डिप्लोमा होते. वलगावहून सायकलीनं जाऊन-येऊन केलेला डिप्लोमा. त्यांनी तो कधी लपवला नाही, आपणही वाढवू नये. 'दुर्बिणीतून गावोगाव पाहणारे' हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण त्या यंत्राला लेव्हल म्हणतात. त्यातून लांबचं पाहत नाहीत, उंचसखल मोजतात. आणि मुखपृष्ठावरचा हार घातलेला फोटो २००४ चा आहे, २००६ चा नव्हे. तुझ्या आजोळी विहाराचं उद्घाटन झालं त्या दिवशीचा. फोटोत पाय कापले आहेत. माणूस कशावर उभा आहे ते दिसायला हवं.

माझ्याबद्दल 'सहायक' एवढंच लिहिलंस. चालेल. पण बरोबर नाही. मी दहावी नापास. शहाण्णव साली पाणीपुरवठा खात्यात साहेबांकडे रोजंदारीवर मोजपट्टी धरायला लागलो. दुपारी इतर लोक झाडाखाली झोपत, तेव्हा ते मला लेव्हल लावायला शिकवत. पुढे दहा वर्षं त्यांच्या प्रत्येक कामाच्या उंच्या मी काढल्या. आज माझ्या दुकानात दोन डिप्लोमावाले माझ्या हाताखाली आहेत आणि त्यांच्या वह्या मी तपासतो.

एक गोष्ट मात्र चूक नाही, गाळलेली दिसते. हिंगणी टाकळीची पाणीयोजना कुठेच नाही. खारपाणपट्ट्यातलं गाव, विहिरीचं पाणी असं की डाळ शिजत नाही. तिथे साहेबांनी गोडं पाणी नेलं, आणि ती त्यांची सासुरवाडी. ती योजना नसेल तर स्मरणिका कशाची?

वहिनींना नमस्कार.

तुझा,
शालिकराम गावंडे


अमरावती
२२ नोव्हेंबर २०२५

आदरणीय शालिकराम काका,
जयभीम.

उत्तराला उशीर झाला. शाळेत सहामाहीचे पेपर, घरात बाबांची कपाटं, आणि अश्विन हैदराबादहून फोनवर 'ताई, तू ठरव' एवढंच म्हणतो. मी ठरवून ठरवून थकले आहे.

चुका दुरुस्त केल्या. हिंगणी टाकळी मी विसरले नाही. मी लिहिलं होतं, आईनं काढायला लावलं. फोटोतले पायही तिनंच कापायला सांगितले.

तुम्ही दोन हजार सातनंतर तिकडे गेला नसाल, म्हणून सांगते. योजना झाली, खालच्या गावात पाणी आलं. वरच्या वस्तीत, जिथे आईचं माहेर आहे, तिथे नळाला फक्त हवा यायची. शेवटी लोकांनी नळाचा पाईप कापून खाली घेतला आणि भोवती खड्डा खणला. त्यात उतरून, उकिडवं बसून, लोट्यानं पाणी भरायचं. माझी मामी भरायची, आजी भरायची. त्याला लोकांनी नाव दिलं: जावयाचा खड्डा. नवी लाईन तीन वर्षांपूर्वी आली, पण नाव गेलं नाही. एसटीतून उतरणारे अजून म्हणतात, 'खड्ड्यापाशी उतरवा.'

आईनं बाबांना विचारलं होतं. मी समोर होते. बाबा म्हणाले, "माझी चूक झाली." पुढे एक शब्द नाही. काय चूक, कशी चूक, काही नाही. बाबांनी टाकी उंच करायचा प्रस्ताव तीनदा पाठवला, झाला नाही. दर दिवाळीला गाडीच्या डिकीत पाण्याचे चार कॅन घेऊन सासुरवाडीला जायचे. मामा हसायचे, "जावाई पाहुनचाराचं पानी घरूनच घिऊन येते!" सगळे हसायचे. आई उठून आत जायची.

आता जीवनमामा म्हणतात, स्मृतिदिन तिथल्या विहारात करू. आई म्हणते, "त्या गावात ह्यायचं नाव काढाचं नाही. खड्ड्यावरून काढलं तेवढं पुरे झालं." अकरा जानेवारीला कुठे बसायचं हेच अजून ठरत नाही.

तेव्हा काका, ते राहू द्या.

तुमची,
रश्मी


अकोला
२७ नोव्हेंबर २०२५

चि. रश्मी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. खड्ड्याचं मला खरोखर माहीत नव्हतं. २००७ मध्ये मी खातं सोडून जठारपेठेत स्वतःचं दुकान टाकलं, त्यानंतर तिकडे गेलो नाही. साहेबांनीही कधी विषय काढला नाही. दुकानाची फीत त्यांनीच कापली होती.

पण आता मला लिहिणं भाग आहे. त्या योजनेच्या सगळ्या उंच्या माझ्या हातच्या आहेत. वस्तीच्या लाईनचं मोजमाप मी मे २००५ मध्ये केलं, जिथून निघालो तिथेच परत येऊन जुळवलं आणि फरक आला सहा मिलिमीटर. सहा! मोठमोठ्यांचा सेंटीमीटरमध्ये येतो. माझ्या दुकानाच्या पाटीवर 'अचूक सर्व्हे' लिहिलं आहे ते उगीच नाही.

म्हणजे उंच्या बरोबर होत्या. मग पाणी पोचलं नाही तर चूक पुढच्या हिशोबात. पाईप किती इंची, दाब किती, टाकी किती उंच, हे साहेबांचं काम. तिथे त्यांची आकडेमोड चुकली असली पाहिजे. मला लिहिताना बरं वाटत नाही, पण माणूस गेला म्हणून गणित बदलत नाही. ते स्वतः 'माझी चूक' म्हणाले, तर ती त्यांचीच होती.

तरी मला पाहायचं आहे. ती लेव्हल-वही घरात असेल, निळ्या पुठ्ठ्याची, वर माझ्या अक्षरात 'हिं. टाकळी २'. असेल तर पाठव.

शालिकराम


अमरावती
८ डिसेंबर २०२५

काका,

वही पाठवते आहे. रद्दीच्या गठ्ठ्यात बांधली होती, सोडून काढली.

तुमचं पत्र मी आईला दाखवलं नाही. माणसाच्या वर्षश्राद्धाला, आमच्यात तसं म्हणत नाहीत, पण त्याच दिवसांत, त्याच्या हाताखाली शिकलेल्या माणसानं त्याची चूक लेखी कळवावी! बरोबर असेल तुमचं. तुमचं नेहमी बरोबरच असतं, बाबाही तसंच म्हणायचे. "शालिक चुकत नाही." हे ते कौतुकानं म्हणायचे असं मी आजवर समजत होते. आता वाटतं, ते कधीकधी फार दमलेल्या आवाजात म्हणायचे.

पान ४१ पाहा. समासात पेन्सिलीनं बाबांचं अक्षर आहे: 'पायरी. ३ फूट ६ इंच.' खाली सही आणि १९/४/०७. मला त्यातलं काही कळत नाही.

वही परत नको.

रश्मी


अकोला
२१ डिसेंबर २०२५

चि. रश्मी,

हे पत्र लिहायला मला चार दिवस लागले. तीन कागद फाडले. मी कागद फाडणारा माणूस नाही.

ती पेन्सिल पाहिली आणि बुधवारी, १७ तारखेला, लेव्हल घेऊन हिंगणी टाकळीला गेलो. आधी खालच्या गावातल्या, रस्त्याखालच्या मोरीवरून सुरुवात केली. तिथे आमची उंचीची जुनी खूण आहे, मोरी हललेली नाही. मोजत मोजत चढ चढून वस्तीत आलो. जीवनभाऊ विहारापाशीच भेटले. मला ओळखलं नाही. यंत्र पाहून म्हणाले, "आता काय मोजून राह्यले भाऊ? पानी आलं ना आमाले."

मी म्हणालो, "जुनंच मोजतो."

"मंग खड्ड्यापासून मोजा," म्हणाले. "आमच्या वस्तीचा झीरो तोच व्हय."

मी साहेबांचं नाव सांगितलं तेव्हा त्यांनी चहा सांगितला.

आता नीट लक्ष देऊन वाच. २००३ साली, पहिल्या मोजणीत, मी विहाराच्या जुन्या पायरीच्या दगडावर छिन्नीनं बाण कोरला आणि शेजारी उंचीचा आकडा रंगवला होता: २८६.४१०. समुद्रसपाटीपासून तो दगड एवढे मीटर उंच, असा त्याचा अर्थ. पुढची सगळी मोजणी त्या दगडावरून करायची. दगड जागचा हलला तर आकडा खोटा.

मी जीवनभाऊंना विचारलं, "हा दगड इथेच होता का?"

"व्हता ना, विहाराचाच. पण खाली व्हता, जुन्या ओट्याले," ते म्हणाले. "नवं विहार बांधलं तवा चौथरा उंच घेतला. मिस्तरी म्हने फेकून द्या दगड, फरशी बसवू. माहे बाबा म्हने, खबरदार! माह्या जावयाचा नंबर हाय त्याच्यावर, इंजिनिअर सायबाचा. तो दारातच बसन, सगळ्याइच्या वर. सोता उभे राहून बसवला. अन् नंबर उडाला व्हता थोडा, तर त्याइनंच लाल रंगानं गिरवला. आताही दरसाल चौदा एप्रिलच्या आंधी मी रंगवतो. आमी त्याले जावयाचा दगडच म्हंतो."

मग घरात नेऊन उद्घाटनाचा अख्खा फोटो दाखवला, न कापलेला. साहेब हार घालून उभे आहेत. त्याच दगडावर. सासऱ्यांनी हात धरून त्याच्यावर उभं केलेलं.

मी परत येऊन रीडिंग घेतलं. दगड मूळ जागेपासून १.०६५ मीटर वर आहे. साडेतीन फूट.

२००५ च्या मे महिन्यात मी तिथे पोचलो तेव्हा ऊन मरणाचं होतं. दारात माझ्याच छिन्नीचा बाण, माझाच आकडा, ताजा रंग. मी तिथूनच सुरुवात केली. विहार नवं आहे हे दिसत होतं. पायऱ्या आधी किती होत्या हे मला आठवेना. आकडे माझ्या लक्षात राहतात, पायऱ्या मी मोजल्या नव्हत्या. खालच्या मोरीवर जाऊन पडताळून पाहायला हवं होतं, पावणेदोन किलोमीटर. गेलो नाही. जिथून निघालो तिथेच परत आलो म्हणून जुळलं. चुकीच्या दगडावरून निघून चुकीच्याच दगडावर परत आलं तर सहा मिलिमीटरच येणार. तो सहाचा आकडा वीस वर्षं मी लोकांना सांगत आलो.

माझ्या वहीत वस्ती होती त्यापेक्षा साडेतीन फूट खाली दिसली. शेवटच्या नळावर साहेबांनी पाणी आणखी एक मीटर चढेल एवढा दाब शिल्लक ठेवला होता, टाकी त्याहून उंच मंजूर नव्हती. तो मीटर माझ्या चुकीत गेला. जाताना खड्डाही मोजला. आता त्यात बकऱ्यांचा चारा ठेवतात. खोली एक मीटर दहा. दगड जेवढा वर गेला होता, जवळजवळ तेवढंच लोक खाली उतरले होते.

साहेबांना हे २००७ च्या एप्रिलात कळलं. टेप घेऊन गेले असतील, पायरी मोजली असेल. त्यांनी 'माझी चूक' म्हटलं ते माझ्यासाठी म्हटलं असं तुला वाटेल. मला तसं वाटत नाही. त्यांना ती खरोखर आपली वाटली असणार. तो दगड वर गेलेला त्यांनी पाहिला होता, त्याच्यावर उभे राहून हार घेतला होता, आणि तरी माझ्या वहीवर सही केली. मी चुकत नाही असं त्यांना वाटायचं म्हणून. पण कारण सांगितलं असतं तर वस्तीला सांगावं लागलं असतं, की तुम्ही माझा मान म्हणून दगड दारात बसवला, त्यानं तुमचं पाणी तोडलं. आणि तो बसवणारे तुझे आजोबा, भगवंतराव. ते तेव्हा हयात होते. लोटा घेऊन खड्ड्यात उतरत होते. त्यांना हे कोणत्या तोंडानं सांगणार?

म्हणून साहेबांनी खड्ड्याला आपलं नाव लागू दिलं.

मी तुझ्या बाबांबद्दल २७ नोव्हेंबरला जे लिहिलं ते परत घेतो. घेतलं जात नाही हे माहीत आहे. तो कागद फाड.

वहिनींना वेगळं पत्र लिहिलं आहे, सोबत आहे. त्यात भगवंतरावांचं नाव नाही. तूही काढू नकोस. साहेबांनी जे अठरा वर्षं झाकलं ते आपण उघडायचं नाही.

शालिकराम


अकोला
२१ डिसेंबर २०२५

आदरणीय शालूवहिनींस,
सविनय जयभीम.

मी लांबड लावत नाही. हिंगणी टाकळीच्या वस्तीत पाणी पोचलं नाही ती चूक साहेबांची नव्हती. माझी होती. विहाराच्या दगडावर माझी खूण होती. विहार नव्यानं बांधताना तो दगड कोणीतरी वर बसवला आणि आकडा पुन्हा रंगवला. मी दुसऱ्या खुणेवरून पडताळणी न करता तिथून मोजलं. मोजणाऱ्याचं पहिलं काम पडताळणी, ते मी केलं नाही.

स्मरणिकेत माझ्या नावानिशी हे छापा. खड्ड्याला कोणाचं नाव द्यायचंच असेल तर माझं द्या.

साहेबांच्या घरी मी दहा वर्षं तुमच्या हातचं जेवलो. त्या वेळी हे माहीत असतं तर जेवलो नसतो.

आपला,
शालिकराम गावंडे


अमरावती
३० डिसेंबर २०२५

शालिकराम भाऊ,
जयभीम.

मले तुमच्यासारखं लिहिता येत नाही. रश्मी म्हणे मी लिहून देतो, मी म्हटलं नाही, मीच लिहीन.

तुमी लिहिलं, दगड कोनीतरी बसवला अन् नंबर कोनीतरी रंगवला. ते कोनीतरी माहे बाबा. मले कोनी सांगायची गरज नाही. त्या दिवशी मी माहेरीच होते. बाबाचा हात कापत होता म्हणून रंगाचा डबा मी धरला होता. चारचा आकडा वाकडा झाला तर मीच म्हटलं, बाबा, पुसून नीट काढा, ह्यायले वाकडं चालत नाही. मंग त्याइनं पुसून परत काढला. जाऊन पाहा, चार नीट हाय.

मले वाटे आमी ह्यायचा मान करून राह्यलो.

आता तुमाले एक सांगतो, रश्मीलेही माहीत नाही. माहेरून आली का दोन दिवस मी ह्यायच्या हातात पान्याचा गिलास देत नव्हती. बोलत काही नव्हती, फक्त गिलास देत नव्हती. ते कधी मागत नव्हते. उठून माठातून सोता घेत. एकदा आईले खड्ड्यात पाय घसरून लागलं, त्या वर्षी महिनाभर नाही देला. त्याइले माहीत होतं का डबा कोनी धरला. फोटोत माह्या हाताले लाल रंग हाय, त्याइनंच दाखवला होता हासून. तरी सोता पानी घेत राह्यले. एक शब्द बोलले असते तर मी काय मेली असती?

दवाखान्यात शेवटी डॉक्टरनं तोंडावाटे पानी बंद केलं होतं. त्या वक्ताले मी चमचा घेऊन बसली होती. द्यायला गेली तं नर्स नाही म्हणे.

भाऊ, तुमी तुमचं नाव देऊन राह्यले. ते नको. बाबा गेले, हे गेले. एकाले वाचवाले दुसऱ्याले झाकाचं, हे ह्याइनं लय केलं, आता मह्याच्यानं होत नाही. अकरा तारखेले विहारातच बसू. जीवनले कळवलं. तिथं मीच उठून सांगन. बाबानं पिरमानं केलं, ह्याइनं पिरमानं झाकलं, अन् डबा माह्या हातात होता. लोक मंग खड्ड्याले काय म्हनाचं ते म्हनोत.

जीवन म्हणे दगड काढून टाकू का. मी नाही म्हटलं. जुना नंबर पुसाचा नाही. त्याच्या खाली खरा नंबर टाकाचा. तो तुमी टाकून द्या.

स्मरणिकेत फोटो पुरा छापाले सांगितला. पायासहित.

शालू धर्मपाल खंडारे


अकोला
२ जानेवारी २०२६

आदरणीय वहिनी,

पत्र मिळालं. कामाचं तेवढं लिहितो.

खरा आकडा २८७.४७५. तरी ९ आणि १० तारखेला येऊन पुन्हा काढीन. मोरीवरून एकदा, शाळेच्या खुणेवरून एकदा, आणि टाकीच्या पायथ्यावरून एकदा. तिन्ही जुळल्याशिवाय लिहिणार नाही.

दुकानाची पाटी उतरवली आहे. नवी करायला दिली आहे, त्यावर फक्त 'सर्व्हे' असेल.

जीवनभाऊंना एवढं सांगा, दगड नुसता ओल्या फडक्यानं पुसून ठेवावा. रंग कोणी लावू नये, मी आणीन. आणि रंगवताना डबा तुम्ही धरणार असाल, तर मी अकरा तारखेच्या सकाळपर्यंत थांबेन.

शालिकराम